लघवीची साक्ष
(प्रतिजैविके आणि नशेची चाचणी : एका गैरसमजाची कुळकथा)

गेल्या वर्षी तुळशीचे लग्न होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. शेजारच्या वहिनींचा मुलगा तेलवाहू बोटीवर मोटरमन आहे. सुट्टी संपवून तो जॉइनिंगच्या मेडिकलसाठी मुंबईला गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला. "काका, माझ्या लघवीत अफू निघाली म्हणतात."

मुलगा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. वहिनी पदराने डोळे पुसत आमच्या ओटीवर येऊन बसल्या. त्यांनी स्वतःच एक कारण शोधून काढले होते. "भावोजी, दिवाळीत त्यानं अनारसे खाल्ले होते. खसखशीनं झालं असेल का हो?"

मी बँकेतला निवृत्त कारकून. डॉक्टर नाही, रसायनशास्त्राची पदवीही नाही. पण गेली वीस वर्षे औषधांचा इतिहास हा माझा नाद आहे आणि मिळतील तिथून जुनी पुस्तके आणि शोधनिबंध मी वाचत आलो आहे. म्हणून मी त्याला फोनवर एवढेच विचारले, "गेल्या आठवड्यात कसल्या गोळ्या घेतल्यास?" कफ झाला होता म्हणून आपल्या इथल्या डॉक्टरांनी लिवोफ्लॉक्सासिनचा कोर्स दिला होता, असे तो म्हणाला. "मग फॉर्मवर लिहिलंस का?" "नाही काका. अँटिबायोटिकच तर होतं. त्यात काय लिहायचं?"

"त्यात काय लिहायचं" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर पाऊणशेहून अधिक वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. प्रतिजैविके आणि लघवीची बाटली यांचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे.

सोन्याच्या मोलाची लघवी

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. जंतुसंसर्गाने त्याचा चेहरा आणि डोळा सडत चालला होता. चोवीस तासांत त्याला उतार पडू लागला. पण हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्या प्रयोगशाळेने महिनोन्महिने खपून तयार केलेला साठा अगदी तुटपुंजा होता. त्यात पेनिसिलिनचा स्वभाव असा, की मूत्रपिंडे ते फार वेगाने शरीराबाहेर टाकतात. तेव्हा रुग्णाची लघवी गोळा करायची, सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढायचे आणि त्याच रुग्णाला टोचायचे, असा क्रम सुरू झाला. तेही अखेर संपले आणि १५ मार्चला अलेक्झांडर दगावला.

औषध लघवीवाटे निघून जाते ही त्या काळातली मोठी अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून मूत्रपिंडांची ती वाट अडवणारी रसायने शोधली गेली. त्यातूनच १९५० च्या सुमारास अमेरिकेत प्रोबेनेसिड हे औषध आले. पुढे पेनिसिलिन मुबलक झाले. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, ती याच मुबलकतेच्या काळात. प्रोबेनेसिड मग संधिवाताच्या एका प्रकारासाठी वापरले जाऊ लागले.

पण त्याचा मूळ गुण कोणीतरी लक्षात ठेवला होता. उत्तेजक स्टिरॉइडे घेणाऱ्या खेळाडूंनी ते घेतले, तर स्टिरॉइडांचे अवशेष लघवीत कमी उतरतात. १९८८ च्या 'टूर द फ्रान्स' सायकल शर्यतीत आघाडीवर असलेल्या पेद्रो देल्गादोच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले. ऑलिम्पिक समितीच्या बंदी यादीत ते होते, सायकलिंग संघटनेच्या यादीत मात्र अजून आले नव्हते. त्यामुळे त्याचे विजेतेपद टिकले. पेनिसिलिन वाचवण्यासाठी जन्मलेले औषध असे चाळीस वर्षांनी नशेच्या आणि उत्तेजकांच्या चाचण्यांच्या इतिहासात येऊन पडले. तोपर्यंत लघवीचे काम बदलले होते. १९४१ साली ती औषधाची खाण होती, आता ती साक्षीदार झाली होती.

चाचणीचा जन्म

रक्तातले अतिसूक्ष्म पदार्थ मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकात इन्सुलिनवर काम करताना शोधली. शरीर परक्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तीच प्रतिपिंडे पदार्थ ओळखण्यासाठी वापरायची, ही ती युक्ती. या कामासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन त्याआधीच निवर्तले होते.

मॉर्फिनचा रेणू फार लहान असतो. त्याच्याविरुद्ध शरीर आपणहून प्रतिपिंडे बनवत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला चिकटवून प्राण्याला टोचतात. सिडनी स्पेक्टर आणि चार्ल्स पार्कर यांनी ही पद्धत वापरून मॉर्फिन मोजल्याचा निबंध १९७० साली प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी तिची गरज पडली. व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन ओढू लागल्याच्या बातम्यांनी अमेरिका हादरली होती. जून १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम जाहीर केली आणि परतणाऱ्या प्रत्येक सैनिकाने विमानात चढण्यापूर्वी लघवीचा नमुना द्यायचा, असा हुकूम निघाला. या मोहिमेला सैनिकांनी 'ऑपरेशन गोल्डन फ्लो' असे नाव पाडले. कॅलिफोर्नियातील सिव्हा कंपनीने त्यासाठी झटपट चाचणी पुरवली. त्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७२ साली किरणोत्सर्गी पदार्थांशिवाय, विकराच्या साहाय्याने चालणारी पद्धत प्रसिद्ध केली. ती एमिट या नावाने जगभर पसरली. एक थेंब लघवी, काही मिनिटे वेळ आणि एक यंत्र, एवढ्यात निकाल. नंतर तर यंत्रही नको झाले. कागदी पट्टीवर रेघ उमटते की नाही, एवढे पाहायचे.

या पट्टीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपल्याला वाटते की अमली पदार्थ असला तर रेघ उमटत असेल. प्रत्यक्षात उलट असते. पदार्थ नसला तर रेघ उमटते आणि असला तर ती उमटत नाही. पट्टीवर मॉर्फिन आधीच चिकटवलेले असते. लघवीतले मॉर्फिन प्रतिपिंडांना वाटेतच गाठते, त्यामुळे ती पट्टीवरच्या मॉर्फिनपर्यंत पोचत नाहीत आणि रेघ पुसली जाते. म्हणजे चाचणी 'मॉर्फिन दिसले' असे म्हणतच नाही. 'माझी प्रतिपिंडे दुसऱ्या कोणीतरी अडवली' एवढेच ती म्हणते. तो दुसरा मॉर्फिनच आहे, हे आपण गृहीत धरतो.

तोतया

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. बांधा, चेहरा, बोलण्याची ढब यांवरून अनेकांनी त्याला भाऊसाहेब मानले. कोकणात त्याच्यामागे माणसे उभी राहिली. अखेर १७७६ साली त्याला देहदंड झाला. दिसण्यावरून ओळख पटवणारा माणूस फसू शकतो, म्हणून कसून चौकशी करावी लागते, एवढाच आपल्या विषयापुरता त्याचा अर्थ.

प्रतिपिंड दिसण्यावरूनच ओळखते. रेणूचा एखादा कोपरा, एखादे वळण तिच्या खाचेत बसले की तिचे काम झाले. अफूच्या चाचणीतले प्रतिपिंड मॉर्फिनबरोबर त्याच्या भावंडांनाही ओळखते. खोकल्याच्या औषधातले कोडीन त्यांपैकीच एक. ती निदान एका घराण्यातली तरी आहेत. पण कधी कधी नात्यागोत्याचा संबंध नसलेला रेणूही त्या खाचेत जाऊन बसतो.

यासाठी दुसरी चाचणी असते. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री असे तिचे लांबलचक नाव. तिच्यात नमुन्यातले घटक आधी एकमेकांपासून वेगळे करतात, मग प्रत्येकाचे तुकडे करून त्या तुकड्यांची वजने पाहतात. तुकड्यांचा तो ठसा प्रत्येक पदार्थाचा वेगळा. ही चाचणी महाग आणि वेळखाऊ असते, पण तिथे तोतयाची डाळ शिजत नाही.

दोन्ही चाचण्या हव्यातच, हा नियम मात्र सहजासहजी आला नाही. २६ मे १९८१ च्या रात्री 'निमित्झ' या विमानवाहू अमेरिकी नौकेवर उतरताना एक विमान कोसळून १४ जण ठार झाले. मृतांपैकी काहींच्या शवविच्छेदनात गांजाचे अंश सापडले आणि अमेरिकी सैन्यदलांत लघवीच्या चाचण्यांचा धडाका सुरू झाला. त्या घाईत प्रयोगशाळांची नोंद-व्यवस्था ढासळली. १९८४ मध्ये खुद्द लष्करालाच कबूल करावे लागले, की हजारो सैनिकांचे निकाल शास्त्राच्या आणि कायद्याच्या कसोटीवर टिकणारे नाहीत. तोपर्यंत अनेकांना शिक्षा होऊन गेल्या होत्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

सप्टेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी नोकरांच्या चाचण्यांचा आदेश काढला. त्याची कार्यपद्धती एप्रिल १९८८ मध्ये ठरली, तेव्हा मागचा धडा त्यात उतरला. पहिली चाचणी फक्त चाळणीची. तिच्यात अडकलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या, ठसा पाहणाऱ्या चाचणीतून गेलाच पाहिजे. आणि त्यानंतरही एका डॉक्टरने त्या माणसाशी बोलून, तो कोणती औषधे घेतो हे विचारूनच अंतिम निकाल द्यायचा. निकालाआधी माणसाला विचारले पाहिजे, हे कागदावर यायला व्हिएतनामनंतर सतरा वर्षे लागली.

वहिनींची खसखस

वहिनींचा संशय पोकळ नव्हता, हे इथे सांगितले पाहिजे. खसखस अफूच्याच बोंडातली. बियांवर बोंडाच्या चिकाचा अंश राहतो आणि त्यात मॉर्फिन असते. खसखस लावलेले पाव खाणाऱ्यांच्या लघवीत मॉर्फिन सापडते, हे १९८० च्या दशकात अनेकदा दाखवले गेले. अमेरिकी सरकारी चाचणीत अफूची मर्यादा एका मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम होती, ती १९९८ च्या अखेरीस २००० करण्यात आली. त्यामागे खसखस हे एक मोठे कारण होते. अनारशाला एका अंगाने लावलेली खसखस तशी थोडीच असते, पण वाटण घालून केलेली खीर किंवा रस्सा असला तर मात्रा वाढते.

मात्र खसखस आणि प्रतिजैविक यांच्यात एक मूलभूत फरक आहे. खसखस खाल्लेल्याच्या लघवीत खरेखुरे मॉर्फिन असते. चाचणी तिथे चुकत नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. प्रतिजैविक घेतलेल्याच्या लघवीत मॉर्फिनचा कणही नसतो. तिथे चाचणीच फसलेली असते. त्यामुळे दुसऱ्या चाचणीत खसखसवाला पुन्हा अडकू शकतो, प्रतिजैविकवाला सुटतो. या फरकाचा पुढे आम्हाला उपयोग झाला.

क्विनोलोन घराणे

लिवोफ्लॉक्सासिन ज्या घराण्यातले, त्याचा मूळपुरुष नॅलिडिक्सिक ॲसिड. हिवतापावरचे क्लोरोक्विन बनवताना मागे राहिलेल्या एका उपपदार्थाचा माग घेत अमेरिकेतील स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीत जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले आणि १९६२ साली जाहीर केले. लघवीच्या मार्गातल्या जंतूंवर ते चाले. १९७० च्या दशकाअखेरीस जपानमध्ये त्याला फ्लोरीनची जोड मिळून नॉरफ्लॉक्सासिन निघाले आणि मग सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन अशी रांगच लागली. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली, छातीत कफ झाला, की आपल्याकडे यांतलीच एखादी गोळी चिठ्ठीवर येते. बऱ्याचदा तर चिठ्ठीही नसते. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढून घेतल्या जातात.

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बॅडन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी तेरा क्विनोलोन औषधे अफूच्या पाच प्रचलित चाळणी-चाचण्यांवर तपासली. तेरांपैकी नऊ औषधांनी निदान एका चाचणीत तरी मर्यादा ओलांडून 'अफू आहे' असा निकाल दिला. लिवोफ्लॉक्सासिन आणि ओफ्लॉक्सासिन यांत पुढे होती. पाचही चाचण्या सारख्या फसल्या नाहीत. म्हणजे फसणे हे गोळीवर जेवढे, तेवढेच त्या प्रयोगशाळेने कोणत्या कंपनीचा संच घेतला आहे यावर अवलंबून. तोच माणूस, तीच लघवी, पण एका दारात निर्दोष आणि दुसऱ्या दारात नशेबाज.

निबंधाची वेळही विलक्षण होती. त्याच शरद ऋतूत अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली होती आणि सुमारे १० हजार लोकांना साठ दिवस प्रतिजैविके घेण्याचा सल्ला दिला गेला होता. त्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन प्रमुख होते.

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे आहे, रिफॅम्पिसिन. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मातीच्या नमुन्यातून मिलानच्या लेपेटिट कंपनीने रिफामायसिन गटाचा शोध लावला. 'रिफिफी' या त्या काळच्या फ्रेंच चित्रपटावरून हे नाव पडले. त्यातून आलेले रिफॅम्पिसिन आज क्षयरोगाच्या उपचाराचा कणा आहे. ते घेणाऱ्याची लघवी केशरी होते, हे क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला माहीत असते. पण अफूच्या काही चाळणी-चाचण्या त्याने चुकतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ साली 'क्लिनिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात त्याची नोंद झाली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे आणि नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. सहा महिने रोज ही गोळी घेणारा तरुण नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला उभा राहिला तर काय होईल, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा.

उलट बाजूही सांगतो, कारण अर्धवट माहितीने उलटे नुकसान होते. अमॉक्सिसिलिनमुळे कोकेनची चाचणी चुकते, असा समज बराच पसरलेला आहे. २००८ साली संशोधकांनी मुद्दाम निरोगी माणसांना अमॉक्सिसिलिन देऊन तपासले, तर एकही नमुना चुकला नाही. म्हणजे 'प्रतिजैविक घेतले होते' ही सबब सगळीकडे चालत नाही. औषध कोणते, चाचणी कशाची, संच कोणता, हे तिन्ही पाहावे लागते. खरोखर नशा केलेल्याला तर ही सबब मुळीच वाचवत नाही. दुसऱ्या चाचणीत त्याचा ठसा उमटतोच.

नऊ दिवस

तेलवाहू बोटींवर हे नियम इतके कडक का, याचाही इतिहास आहे. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि समुद्र तेलाने माखला. कप्तानाच्या दारूची चर्चा जगभर झाली. पुढे ज्यूरीने नशेच्या आरोपातून त्याला मुक्त केले, पण तेलवाहू जहाजांवर दारू आणि नशेचे नियम आवळले गेले ते गेलेच. ते योग्यच आहे. इंजिनरूममध्ये झिंगलेला माणूस कोणाला हवा असेल?

म्हणून मी मुलाला सांगितले, भांडू नकोस. फक्त लेखी माग, की माझा तोच नमुना पुष्टीच्या चाचणीला पाठवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषध दुकानाची पावती सोबत जोड. नशिबाने बाटली फ्रीजमध्ये जपून ठेवलेली होती. निकाल यायला नऊ दिवस लागले. त्यात मॉर्फिन नाही, कोडीन नाही. मॉर्फिनच नाही म्हटल्यावर वहिनींचे अनारसेही सुटले. उरली ती लिवोफ्लॉक्सासिनची गोळी.

पण नऊ दिवस बोट कोणासाठी थांबत नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस चढला होता. पुढची बोट मिळेपर्यंत चार महिने तो घरी बसला. गावात 'पोरगा बोटीवर नशा करतो' हे पहिल्या दोन दिवसांत पसरले होते. 'पुष्टीची चाचणी निगेटिव्ह आली' हे वाक्य मात्र गावात कोणी कोणाला सांगितले नाही. ठरत आलेली सोयरीक थांबली, ती अजून थांबलेलीच आहे.

या सगळ्यात खलनायक कोणी नाही. चाचणी करणाऱ्याने यंत्रात आले ते लिहिले. डॉक्टरांनी कफावर योग्य औषध दिले. मुलाने फॉर्मवरचा औषधांचा रकाना मोकळा सोडला, कारण प्रतिजैविक ही आपल्याला सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. आणि कोणीतरी चाळणीच्या निकालालाच निकाल समजून फोन फिरवला. १९८४ साली अमेरिकी लष्कराने हजारो माणसांच्या बाबतीत केलेली चूक इथे एका माणसाच्या बाबतीत पुन्हा झाली.

पुष्टीचा तो कागद वहिनींनी देवघरातल्या फडताळात जपून ठेवला आहे. यंदा मुलगा निघाला तेव्हा त्याच्या फाइलमध्ये औषधांच्या सगळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्यात सर्दीच्या गोळीचीसुद्धा चिठ्ठी होती. मी हसलो तर म्हणाला, "काका, या वेळी रकाना मोकळा सोडणार नाही."